सात नंबरची चिठ्ठी

सईबाईंनी बावीस वर्षं मोटारीचा एक भाग तपासला, आणि त्या बावीस वर्षांत मोटारीच्या खाली एकदाही वाकून पाहिलं नाही. तशी गरजच पडली नव्हती. चेन्नईच्या अंबत्तूर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गुरुमूर्तींचा रबराचा छोटा कारखाना होता. पुढं सहा प्रेस, मागं पत्र्याखाली बायकांचा विभाग. प्रेसमधून निघालेले गरम तुकडे टोपल्यांतून मागं येत, बायका बाकदार कात्रीनं कडेचं फाजील रबर छाटत, आणि सगळ्यात शेवटी ते सईबाईंच्या टेबलावर येत.

तुकडा मुठीत मावेल एवढा. खालून सपाट, वरून गोल, मधोमध आरपार भोक आणि एका अंगाला चीर. त्याला म्हणायचं स्टॅबिलायझर बुश. सईबाई तो उचलत, भोकातून अंगठा फिरवत, चीर फाकवून आत बघत, चिमटीत दाबत. पसंत पडला की त्याची जोडी लावून पाकिटात घालत आणि आत बोटभर चिठ्ठी टाकत. चिठ्ठीवर तपासणाऱ्याचा नंबर असे. सईबाईंचा नंबर सात.

त्या मूळच्या तंजावरच्या. घरात जुन्या वळणाची मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. लग्न होऊन जवळच्याच आवडी गावात आल्या, नवरा व्यंकटेश सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. मुलगी जननी शाळेत जायला लागल्यावर दिवसभर घर खायला उठायचं, म्हणून त्यांनी काम शोधलं. गुरुमूर्तीही तंजावरकडचे, त्याच मराठीत बोलणारे. त्यांनी सईबाईंना आधी कात्री दिली आणि दोन वर्षांनी तपासणीचं टेबल दिलं. कारखान्यातल्या बायका त्यांना सईअक्का म्हणत. अक्कांच्या टेबलावरून तुकडा परत आला तर कुणी वाद घालत नसे, कारण अक्का परत का पाठवतात ते प्रत्येकीला बोट ठेवून दाखवत.

ऑगस्टातल्या एका सोमवारी कारखान्यात एक गोणपाटाची पिशवी आली.

प्राणेशनं, म्हणजे गुरुमूर्तींच्या मुलानं, सईबाईंना केबिनमध्ये बोलावलं. हा मुलगा तीन वर्षांपूर्वी शिकून परत आला होता आणि आता बहुतेक कारभार तोच पाहायचा. टेबलावर ती पिशवी उपडी केलेली होती. आत चौदा जोड्या बुश, काढून टाकलेले, धुळीनं माखलेले, आणि प्रत्येक जोडीला रबरबँडनं अडकवलेलं तिचं मूळ पाकीट. सोबत वहीच्या कागदावर तमिळमध्ये लिहिलेलं पत्र. विल्लिवाक्कमच्या एका गॅरेजवाल्यानं लिहिलं होतं. ‘हे बुश घातले की दहा दिवसांत गाडी कुरकुरायला लागते. चौदा गाड्या परत आल्या. गिऱ्हाइकं मला चोर समजायला लागली आहेत. एकदा येऊन बघून जा. जयतीर्थ, मेकॅनिक.’

“मी सगळे तपासले, अक्का,” प्राणेश म्हणाला. “माप बरोबर, कडकपणा बरोबर. ही गॅरेजवाली मंडळी काय करतात, बुशला साधं ग्रीस फासतात. त्यानं रबर फुगतं, मऊ पडतं. मग नाव आपलं. तुम्हाला दाखवायला बोलावलं इतकंच.”

सईबाई पाकिटं उघडून बघत होत्या. पहिल्यातली चिठ्ठी सात नंबरची. दुसऱ्यातली सात. तिसऱ्यातली सात. चौदाव्यापर्यंत सगळ्या सातच.

“कोण जातंय तिकडं?” त्यांनी विचारलं.

“जाईल कुणीतरी मार्केटिंगचा. पुढच्या महिन्यात.”

“सरि, बरं,” म्हणून सईबाई आपल्या टेबलाकडं गेल्या. पण त्या दिवशी तुकडा हातात घेतला की अंगठा भोकातच थबकायचा. हा आत्ता पास केलेला कुठं जाऊन कुरकुरणार आहे, असं मनात यायचं. संध्याकाळी घरी व्यंकटेशनी भाताचा घास तसाच ठेवून विचारलं, “काये जाहलं? आज बोलणं नाहीं.”

त्यांनी सगळं सांगितलं.

“फुगलेलं होतें कां रबर?” व्यंकटेशनी विचारलं. आयुष्य स्टोअरमध्ये गेलेलं, वस्तूचा प्रश्न त्यांना लगेच सुचायचा.

“नाहीं. तेंच तर. एकही फुगलेलं नव्हतं. दाबून बघितलं मी. ग्रीसचा वाससुद्धां नव्हता.”

“मग मालकाला सांगा.”

“काये सांगूं? फुगलं नाहीं इतकंच ठाऊक. कां कुरकुरतें तें ठाऊक नाहीं. मी तें कुठं बसतें तेंसुद्धां बघितलं नाहीं, हो.”

गुरुवारी त्यांनी आपल्या हक्काची अर्धा दिवस रजा टाकली. रोज आवडीहून लोकल गाडीनं येऊन त्या पट्टरवाक्कमला उतरत. त्या दुपारी पट्टरवाक्कमहून पुढची गाडी धरली, कोरट्टूर सोडलं आणि विल्लिवाक्कमला उतरल्या. पर्समध्ये जयतीर्थचं पत्र होतं आणि नवीन बुशच्या दोन जोड्या.

गॅरेज म्हणजे दोन गाड्यांची जागा, वर पत्रा, आणि जमिनीत खणलेला एक लांबट खड्डा, ज्यात उतरून गाडीचं पोट पाहता येतं. जयतीर्थ पंचेचाळिशीचा, सडपातळ, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. साडी नेसलेली पन्नाशीची बाई दारात पाहून त्याला वाटलं, कुणाची तरी आई गाडी विचारायला आलीय. सईबाईंनी पत्र पुढं केलं.

“तुम्ही कंपनीच्या?” तो तमिळमध्ये म्हणाला. “कंपनीनं तुम्हाला पाठवलं?”

“कंपनीनं नाही पाठवलं. पाकिटातली चिठ्ठी माझी होती. सात नंबर.”

जयतीर्थनं पत्र घडी करून परत दिलं. चौदा गाड्यांचा राग तो कुणावर तरी काढायला टपून बसला होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण समोरचं माणूस स्वतःहून येऊन नंबर सांगतंय म्हटल्यावर तो राग काढायचा राहून गेला. त्यानं प्लास्टिकची खुर्ची पुढं ओढली. सईबाई बसल्या नाहीत.

“मला ते बसतं कुठं ते दाखवता?”

खड्ड्यावर एक पांढरी हॅचबॅक उभी होती. तिचा मालक, तिशीतला तरुण, बाजूला फोनवर बायकोशी बोलत होता, आणि बोलत होता मराठीत. “अगं अवनी, नाही झालं अजून. तिसऱ्यांदा आणलीय. नाही, आवाज तोच, कुईं कुईं. स्पीड ब्रेकर आला की लोक वळून बघतात.” सईबाईंनी चमकून पाहिलं. त्यानं फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही मराठी कां? कुठले?”

तो गोंधळलाच. “हो. मी अनिकेत. साताऱ्याचा. इथं अंबत्तूरला ऑफिस आहे माझं. पण तुम्ही...?”

“आम्ही तंजावरचे. पुष्कळ वर्षांमागें आलेले. तुमची मराठी आतांची, आमची जुनी. तुमच्या गाडींत जें कुरकुरतें तें माझ्या हातून गेलेलं आहे, अनिकेतराव. म्हणून बघायाला आलें.”

दीड वर्षांत चेन्नईत आपल्याला कुणी अनिकेतराव म्हणेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यातून तक्रार ऐकून कंपनीचं माणूस दारात आलेलं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. तो म्हणाला, “काकू, मी थांबतो. आज ऑफिसला नाही गेलो तरी चालेल.”

सईबाईंनी पदर कमरेला खोचला, चपला वर काढून ठेवल्या आणि भिंतीला धरून खड्ड्याच्या पाच पायऱ्या उतरल्या. जयतीर्थनं बॅटरी धरली. डोक्यावर गाडीचं पोट, माती आणि तेलाचा थर, नळ्या, तारा. आणि पुढच्या दोन चाकांच्या मधून आडवी गेलेली, दोन्ही टोकांना वाकवलेली, अंगठ्यापेक्षा जाड अशी एक पोलादी दांडी.

“ही ती,” जयतीर्थ म्हणाला. “वळणावर गाडी एका अंगाला कलते ना, ही दांडी दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवते, जास्त कलू देत नाही. दांडी गाडीला धरलेली असते दोन जागी. इथं आणि तिथं. पट्टीच्या आत बघा.”

लोखंडी पट्टीच्या मिठीत त्यांचा तुकडा बसला होता. टेबलावर तो सुटा, पोरका दिसायचा. इथं दांडी त्याच्या भोकातून गेली होती, पट्टीनं त्याला गाडीशी आवळलं होतं, आणि ह्या दोन मुठीएवढ्या रबरांवर अख्खी दांडी तोललेली होती. बावीस वर्षं आपण नेमकं काय करत होतो ते सईबाईंना त्या खड्ड्यात उभं राहून कळलं. त्यांनी अंगठा वर नेऊन बुशच्या कडेला टेकवला.

“आता गाडी दाबा,” त्या म्हणाल्या.

वरून अनिकेत आणि गॅरेजमधला दुसरा मेकॅनिक बॉनेटवर भार देऊन गाडी खालीवर हलवू लागले. कुईं. कुईं. आवाज डोक्यावरच होता, अगदी अंगठ्याखाली. आणि अंगठ्याला आवाजाच्या आधी काहीतरी कळत होतं. दांडी रबरात सरळ फिरत नव्हती. रबर तिला धरून ठेवायचं, मग एकदम सोडायचं, पुन्हा धरायचं.

“तुम्ही बसवता कसं?” त्यांनी विचारलं.

जयतीर्थनं सांगितलं. आधी दांडीवरचा गंज पॉलिश पेपरनं काढतो. चीर पुढच्या बाजूला ठेवतो. गाडी चारी चाकांवर उभी असतानाच बोल्ट आवळतो, जॅकवर असताना नाही, नाहीतर रबर पिळलेलं राहतं. “आणि साधं ग्रीस मी लावत नाही, अम्मा. रबराला ते खातं हे मला माहीत आहे. तुमच्या ऑफिसातून फोनवर मला तेच ऐकवलं.” त्याच्या आवाजात राग पुन्हा डोकावला. मग तो म्हणाला, “आता हे बघा.”

त्यानं पाण्याची बाटली घेतली आणि बुशवर पाणी सोडलं. वरच्यांनी गाडी दाबली. आवाज बंद. पुन्हा दाबली, बंद. दहा मिनिटं त्यांनी चहा घेतला. वारा लागून पाणी सुकलं, आणि दाबल्याबरोबर पुन्हा कुईं.

“म्हणजे दुखणं इथंच आहे. कोरडं पडलंय,” जयतीर्थ म्हणाला. “नवं रबर इतकं कोरडं का, ते मला कळत नाही. तुमचाच माल मी नऊ वर्षं वापरतोय. आधी असं नव्हतं.”

“आधीचा एखादा आहे?”

त्यानं भंगाराचा डबा ओतला. लिंक रॉड, बेअरिंगं, झिजलेले ब्रेक पॅड, त्यातून शोधत त्यानं एक बुश काढून दिला. चार वर्षं एका टॅक्सीत चाललेला, परवाच अपघाताच्या दुरुस्तीत काढलेला. सईबाईंनी चीर फाकवली. वरून काळाकुट्ट, मळलेला, पण आत भोकाला पांढुरकी झाक. त्यांनी अंगठा फिरवला. अंगठा घसरला.

हात धुवायला त्या बाहेरच्या नळावर गेल्या. जयतीर्थनं धुण्याची पावडर दिली. एकदा धुतले, बोटं तशीच बुळबुळीत. म्हणून पुन्हा पावडर घेतली, आणि पाणी वाहतं ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या.

दोनदा हात धुवायची त्यांना सवय होती. वर्षानुवर्षं कारखाना सुटताना दोनदा धुतल्याशिवाय बोटांची ती मेणचट बुळबुळ जात नसे. बायका त्यावरून थट्टा करत की सईअक्कांना चोरानं हात धरला तर निसटतील. पण ही थट्टा अलीकडं कुणी केली नव्हती, कारण अलीकडं एकदा धुतलं की हात साफ होत. कधीपासून? पोंगलपासून, म्हणजे संक्रांतीपासून. नवे मिश्रणाचे गठ्ठे आले होते, तुकडे छान काळे चकचकीत निघायला लागले होते, आणि सगळ्यांना बरंच वाटलं होतं. त्यांनाही.

“अम्मा, काय झालं?” जयतीर्थनं विचारलं.

“मला कळलं होतं,” सईबाई म्हणाल्या. “सात महिन्यांपूर्वीच कळलं होतं. मीच ऐकलं नाही.”

शुक्रवारी सकाळी त्या केबिनमध्ये गेल्या तेव्हा गुरुमूर्तीही बसलेले होते. आता ते आठवड्यातून दोनदाच येत. सईबाईंनी टॅक्सीतला जुना बुश आणि आपल्या टेबलावरचा नवा बुश शेजारी शेजारी ठेवले आणि काल काय पाहिलं ते ओळीनं सांगितलं. फुगलेलं रबर नाही, ग्रीस नाही, बसवणं चोख. पाणी घातलं की आवाज जातो. मग म्हणाल्या, “दोहोंत अंगठा घालून बघा, अण्णा.”

गुरुमूर्तींनी अंगठा घातला. जुन्यात, मग नव्यात, मग पुन्हा जुन्यात. चाळीस वर्षं रबरात काढलेला माणूस. त्यांनी मुलाकडं पाहिलं. “मेण?”

प्राणेशचा चेहरा उतरला. “दुकानदार तक्रार करायचे, अप्पा. रबरावर पांढरी झाक येते, गिऱ्हाईक म्हणतं जुना माल आहे, बुरशी लागलीय. म्हणून मिश्रणातलं मेण जवळजवळ काढूनच टाकलं. कडकपणाला काही फरक पडला नाही. मापाला पडला नाही. सगळे रिपोर्ट ठीक होते.”

“तें मेण हळूहळू वर येतें आणि दांडीला बुळबुळीत ठेवतें. त्यासाठींच घालितों आपण,” गुरुमूर्ती म्हणाले. “अक्कांना सांगितलं होतंस, मिश्रण बदललं म्हणून?”

“त्यांना काय सांगायचं, त्या तर फक्त...” प्राणेश मध्येच थांबला.

सईबाई म्हणाल्या, “मलाही बोलायाचं आहे. ह्यांनी सांगितलं नाहीं हें खरं. पण माझ्या बोटांनी सांगितलं होतें. सात महिने माझे हात एका धुण्यांत साफ होत होते. मज वाटलं, बरं जाहलं, साबण वांचला. विचारायाचं सुचलं नाहीं. टेबल माझें, नंबर माझा. चौदा गाड्यांत माझीही चूक आहे, ती लिहून घ्या.”

गुरुमूर्तींनी तिकडं दुर्लक्ष केल्यासारखं केलं, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो पुसणं बराच वेळ चाललं.

प्राणेश हुशार होता आणि हट्टीही. त्याचं म्हणणं, एका अंगठ्यावर एवढा मोठा निर्णय घेता येणार नाही, हे दाखवून द्यावं लागेल. सईबाईंना ते पटलं. “दाखवूं की,” त्या म्हणाल्या. प्रत्येक खेपेतले दोन नमुने त्या लोखंडी कपाटात तारीख घालून जपून ठेवत. हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं. फार पूर्वी एकदा तक्रार आली तेव्हा जुळवून बघायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच सुरू केलं होतं. त्यातल्या मेणवाल्या खेपांच्या चार जोड्या काढल्या. शनिवारी प्राणेशच्या गाडीतून दोघं विल्लिवाक्कमला गेले.

अनिकेतची हॅचबॅक पहिली. जयतीर्थनं कोरडे बुश काढले, दांडी घासून पुसली, नवी जोडी बसवली, चीर पुढं, बोल्ट आवळले. प्राणेश इस्त्रीच्या शर्टात खड्ड्यात उतरला आणि सगळं जवळून पाहत होता. अनिकेत गल्लीतून चक्कर मारून आला. “शांत आहे, काकू!”

“आज शांत आहे,” जयतीर्थ म्हणाला. “कोरडेसुद्धा पहिल्या दिवशी शांतच असतात. पंधरा दिवस जाऊ द्या.”

उरलेल्या तीन जोड्या त्यानं परत आलेल्या गाड्यांपैकी तिघांना बोलावून बसवल्या. मग ते पंधरा दिवस सुरू झाले. सईबाईंना तेवढे दिवस जड गेले. कारखान्यात प्रेस थांबवलेले नव्हते, कोरडे तुकडे टेबलावर येतच होते. त्यांनी ते तपासले, पण पाकिटात भरले नाहीत. वेगळ्या टोपल्यांत घालून वर कागद लावला: ‘थांबवले. सात.’ चौथ्या दिवशी टोपल्यांनी वाट अडली. प्राणेश येऊन ती रांग बघून गेला. टोपल्या हलवा असं काही तो म्हणाला नाही.

अनिकेतचे निरोप रोज सकाळी यायचे. तो ऑफिसला जाताना त्याला सात स्पीड ब्रेकर लागत आणि तो प्रत्येकावर काच खाली करून कान देत असे. ‘काकू, सहावा दिवस, शांत.’ ‘काकू, अकरावा दिवस, काल पाऊस झाला, आज ऊन आहे, शांत.’ सईबाई निरोप वाचून जननीला पाठवत. ती बंगळूरला नोकरी करायची आणि आईला तमिळमध्ये उत्तर द्यायची: ‘अम्मा, इथं माझ्या ऑफिसात सगळे विचारतात आज काय झालं.’

सोळाव्या दिवशी जयतीर्थनं चारही गाड्या बोलावल्या. प्राणेशनं स्वतः बॉनेट दाबलं. चारही गाड्या शांत. मग जयतीर्थनं मुद्दाम एका पाचव्या गाडीत त्याच दिवशी, पंधरवड्यापूर्वी, बसवलेली कोरडी जोडी दाखवली. दाबल्याबरोबर ती ओरडली. प्राणेशनं हात झटकले आणि म्हणाला, “बस.” त्यानंतर तो जे म्हणाला ते त्यानं जयतीर्थला उद्देशून, तमिळमध्ये म्हटलं: “फोनवर मी तुम्हाला चुकीचं बोललो होतो.”

“तुम्ही नव्हे, तुमच्या ऑफिसातलं कुणीतरी.”

“मीच होतो.”

जयतीर्थ हसला. आणि चहा मागवला.

पोंगलपासूनचा सगळा माल दुकानांतून परत मागवला. मेण मिश्रणात पुन्हा घातलं. राहिला प्रश्न पांढऱ्या झाकेचा. दुकानदार पुन्हा तक्रार करणार हे उघड होतं. प्राणेशनं पाकिटावर छापायला इंग्रजीत चार ओळींचा मजकूर केला, त्यात रसायनाचं नावसुद्धा होतं. सईबाईंनी तो समजावून घेतला आणि विचारलं, “एवढं कोण वाचील?” मग त्यांनी तमिळमध्ये सांगितलं आणि प्राणेशनं लिहून घेतलं: ‘रबरावरची पांढरी झाक पुसू नका. तीच गाडीला गप्प ठेवते.’ पाकिटावर तेवढंच छापलं गेलं. दुकानदारांना ते इतकं आवडलं की ते आता गिऱ्हाइकाला स्वतःहून झाक दाखवतात.

एक दिवस दुपारी प्राणेश मागच्या विभागात आला, स्टूल ओढून सईबाईंच्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, “अक्का, अंगठा कसा फिरवायचा ते मला शिकवा.” दोन तास तो बसला. पहिल्या तासात त्यानं तीन चांगले तुकडे बाद केले आणि एक वाईट पास केला. कात्रीवर बसणारी संयुक्ता तोंडाला पदर लावून हसत होती. सईबाई हसल्या नाहीत. वाईट तुकडा परत त्याच्या हातात देऊन म्हणाल्या, “डोळे मिटून बघा.”

गुरुमूर्तींनी त्यांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं ते सांगा. सईबाईंनी एका रात्रीचा अवधी मागितला. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “दोन गोष्टी. मिश्रणांत काहींही बदललं तर मागच्या विभागाला आधीं सांगायाचं. आणि आमच्या अकरा जणींना एकदां जयतीर्थच्या खड्ड्यांत उतरवायाचं.”

पहिली गोष्ट लगेच मान्य झाली आणि बदल लिहायला भिंतीवर एक फळा लागला. दुसऱ्या गोष्टीवर गुरुमूर्ती क्षणभर गोंधळले, पण एका शनिवारी व्हॅन करून अकरा जणी विल्लिवाक्कमला गेल्याच. जयतीर्थनं खड्डा झाडून ठेवला होता आणि पायऱ्यांवर पोतं अंथरलं होतं. तीन-तीन जणी खाली उतरल्या. संयुक्ता बुशला हात लावून जोरात म्हणाली, “अय्यो, हा आपलाच! कड बघ, मी छाटलेली आहे!” आणि ती खरंच तिची होती की नाही हे सांगायला कुणीही गेलं नाही.

आता महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी सईबाई कारखान्याच्या वतीनं गॅरेजं फिरतात. कधी आवडी, कधी कोरट्टूर, कधी एग्मोर स्टेशनामागची ती अरुंद दुकानं, जिथं टॅक्सीवाले फुटपाथलाच गाडी लावून काम करून घेतात. सुरुवातीला मेकॅनिक लोकांना वाटतं, बाई काहीतरी विकायला आल्यात. त्या विकत नाहीत. विचारतात, कुठला भाग लवकर जातो, कुठला आवाज करतो, आधी काय वेगळं होतं. लिहून घेतात. तीन वेळा तक्रार दुसऱ्याच कुणाच्या मालाची निघाली, तरीही त्यांनी ती लिहून घेतली आणि त्या कारखान्याला कळवली.

परवाच्या गुरुवारी एग्मोरला एक म्हातारा टॅक्सीवाला भेटला. त्याच्या गाडीत मागच्या बाजूनं ठक ठक असा आवाज येत होता आणि तीन ठिकाणी दाखवूनही तो सापडत नव्हता. बुश नवे, लिंक रॉड नवे. मेकॅनिकनं हात वर केले. सईबाईंनाही काही कळलं नाही, आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. मग पर्स टॅक्सीवाल्याच्या हातात दिली, पुठ्ठ्याचं खोकं सपाट करून रस्त्यावर अंथरलं, आणि म्हणाल्या, “गाडी हळू दाबा, अय्या. मी खाली हात लावून बघते.”